मापबाईंच्या वहीतला नवा रकाना

मुलांच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाला लागून, नऊ क्रमांकाची एक खोली आहे. तिच्या दारावर क्रमांकाखेरीज काहीही लिहिलेले नाही. पूर्वी पाटी होती. ती खोलीच्या परिचारिकेनेच काढायला लावली. "आत काय चालतं हे अख्ख्या व्हरांड्याला कशाला कळायला हवं?" असे त्यांचे म्हणणे होते. दोन अर्ज, एक स्मरणपत्र आणि एक प्रत्यक्ष भेट यांनंतर व्यवस्थापनाला ते मान्य करावे लागले.

ज्या मुलांची लघवी दिवसा थांबत नाही, ज्यांचे अंथरूण वयाच्या आठव्या-नवव्या वर्षीही रोज ओले होते, आणि ज्यांच्यावरचे साधे उपाय करून संपले आहेत, अशा मुलांची हट्टी दुखणी या खोलीत येतात. एकतीस वर्षांच्या नोकरीपैकी शेवटची बारा वर्षे त्या परिचारिकेने इथेच काढली. सहकारी त्यांना मापबाई म्हणत आणि मुले मापमावशी. दोन्ही नावे त्यांना ठाऊक होती आणि दोन्ही आवडत. फळीवर पारदर्शक मापांची रांग असे, प्रत्येकाच्या कानाला वेगळ्या रंगाची दोरी. आतल्या दालनात धार मोजणारी खुर्ची होती. मूल तिच्यावर बसून लघवी करू लागले की शेजारचे यंत्र कागदावर रेघ काढी. रेघ सलग चढून सलग उतरली की बाई तिला डोंगर म्हणत. ती खाली-वर दातेरी आली की कंगवा. खुर्चीपुढे तीन उंचींचे तीन पाट ठेवलेले असत, कारण ज्या मुलाचे पाय लोंबकळतात त्याचे अंग सैल पडत नाही, हा बाईंचा पहिला सिद्धांत होता.

दुसरा सिद्धांत असा, की या खोलीत मुलाला 'का' हा प्रश्न विचारायचा नाही. का केलंस, का सांगितलं नाहीस, का उठली नाहीस, हे सारे मूल घरी ऐकूनच आलेले असते आणि त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते. इथे विचारायचे ते किती आणि केव्हा. त्यासाठी बाईंनी स्वतः आखलेली एक वही होती. तिला सहा रकाने होते: वेळ, प्यायलेले पाणी, लघवीचे माप, घाई, ओले, शौच. वही अपुरी आली की बाई रागावत नसत. नुसता चष्मा काढून पुसत. पालक तेवढ्याने वठणीवर येत. बाईंचे यजमान, जे शाळेत वेळापत्रके लावता लावता निवृत्त झाले होते, म्हणत, "आपल्याकडे पाहुणे येत नाहीत ते उगाच नाही. बिचाऱ्यांना वाटतं, जाताना वही भरून द्यावी लागेल."

अशा त्या खोलीत एके सकाळी साडेनऊ वर्षांची एक मुलगी आली. अंगाने इतकी लहान की घरी तिला मुंगी म्हणत. बरोबर आईवडील होते. वडील शाळेत बुद्धिबळ शिकवत आणि आई घरी शिवणकाम करी.

"सिस्टर, रात्रीचं तर रोजचंच आहे," वडिलांनी सुरुवात केली. "दिवसाही थोडं थोडं. सगळं करून झालं. ओरडून झालं, बक्षीस लावून झालं, संध्याकाळी चारनंतर पाणी बंद करून झालं."

"आणि तुम्ही शेवटचं पाणी किती वाजता पिता?"

"मी? मी काय... झोपताना पितो की तांब्याभर."

"म्हणजे चारनंतर तहान न लागण्याची सोय फक्त हिलाच आहे."

आईला हसू फुटले. वडिलांनी खिशातला रुमाल काढून पुन्हा खिशात ठेवला. मुंगी मात्र हसली नाही. तिने टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि एखादा करार करावा तशी म्हणाली, "मला चार रात्री कोरडं राहायचंय. जास्त नको. चारच."

त्यामागची हकिगत आईने सांगितली. पाच महिन्यांनी आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धा होती. दीड तासाच्या अंतरावरच्या शहरात, चार रात्री वसतिगृहात राहायचे, आणि जो संघाबरोबर मुक्काम करणार नाही त्याचे नाव संघातून कमी, असा नियम. मुंगी शाळेत पहिल्या पटावर खेळे. गेल्या वर्षी ती पिशवी घेऊन बसमध्ये चढली होती. मग पोट दुखते म्हणून उतरली. संघ गेला, तिच्याविना हरला, आणि परत आलेल्या मुलींनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. खरे कारण सांगण्यापेक्षा तिने तो अबोला सोसला होता.

"चारच?" बाई म्हणाल्या. "मी तर तुला जास्त देईन म्हणते."

काम क्रमाने सुरू झाले. डॉक्टरांनी पोट तपासले तेव्हा ते कडक लागले. मुलीला जुने बद्धकोष्ठ होते आणि भरलेले आतडे मूत्राशयाला दाबत होते. आधी तो अडथळा काढला. पाणी दिवसभर सारखे वाटून दिले. दर दोन तासांनी लघवीला जायचे ठरले. रात्री ओलावा लागताच वाजणारी घंटी बसवली. मुलीची वही तर इतकी नेटकी येई की बाई ती इतर पालकांना नमुना म्हणून दाखवू लागल्या. संध्याकाळी वडिलांबरोबर खेळायचे दोन तासही तिने वहीत चौकट करून दाखवले होते: खेळाआधी एकदा लघवी, खेळानंतर एकदा. नियम तंतोतंत पाळलेला.

आणि तरीही साडेतीन महिन्यांनी आठवड्यातल्या सात ओल्या रात्रींच्या जागी सहा आल्या, इतकाच काय तो फरक. खुर्चीवरची रेघ कंगव्याचीच राहिली. घंटीने शेजारचे जागे होत. मुंगी ढिम्म झोपलेली असे.

"आता त्यांना खरं सांगा," डॉक्टर म्हणाले. ते वयाने बाईंच्या मुलाएवढे होते, पण माणूस सरळ होता. "नळी घालून तपासणी करू, मग पुढचं बघू. पण स्पर्धा यंदा नाही. सहा आठवड्यांत काय होणार?"

"काय होणार ते मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण ते सहा आठवडे मला द्या. काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय. वही चुकत नाहीये आणि मूलही चुकत नाहीये. मग चुकतंय कोण?"

"बाई, हा प्रश्न तुमच्या नियमात बसतो का?"

"बसतो. मी 'का' नाही विचारलं."

डॉक्टर हसले आणि त्यांनी सहा आठवडे दिले.

त्याच दिवशी यंत्राचा कागद संपला, म्हणून बाई गुंडाळी आणायला भांडाराकडे निघाल्या. व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर बापलेक पाळीची वाट पाहत बसले होते. मधे खिशात मावेल असा पट उघडला होता. मुंगीची पाठ बाईंकडे होती. ती पटावर वाकली होती, एक पाय खाली सोडलेला आणि दुसरा अंगाखाली घेतलेला. त्या दुमडलेल्या पायाची टाच नेमकी कुठे रुतली आहे हे बाईंनी पाहिले आणि त्या जागच्या जागी थांबल्या. मिनिटभराने मुलगी किंचित हलली, टाच अधिक घट्ट बसवली, आणि मग तिने घोडा उचलला.

नऊ क्रमांकाच्या खोलीत ती इतक्या महिन्यांत एकदाही अशी बसली नव्हती. तिथे ती टेबलासमोर पाय जुळवून, परक्याच्या घरी बसावे तशी बसे.

कागदाची गुंडाळी न घेताच बाई परतल्या. त्यांनी मुंगीची वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. एकशे चार पाने होती; त्यांत एकही चूक नव्हती. दोन तासांनी जायचे होते, मूल दोन तासांनी गेले होते. पण ते दोन तास मूल कसे बसले होते, हे विचारणारा रकानाच वहीत नव्हता. वही बाईंनी आखली होती. बारा वर्षे ती त्यांनी अभिमानाने वाटली होती. चष्मा काढून पुसायची पाळी आज त्यांची स्वतःची होती.

बापलेक आत आले तेव्हा बाईंनी मुलीला खेळताना बसते तसे बसायला सांगितले. वडिलांचा चेहरा उजळला.

"पाहिलीत ना तिची बैठक? सहाव्या वर्षापासून अशी बसते. समोरची मुलं चुळबुळतात, उठतात, पाणी पितात. ही हलत नाही. शाळेच्या फलकावर फोटो लावलाय तिचा. मीच शिकवलंय, डाव संपेपर्यंत पट सोडायचा नाही. मी सतराव्या वर्षी अंतिम डावात उठलो होतो, नुसता तोंड धुवायला. परत आलो तर सगळा विचार तुटलेला. तिथे जो हरलो..."

"तुमचं राहू द्या जरा," बाई म्हणाल्या आणि मुलीकडे वळल्या. "मुंगे, टाच अशी लावली की काय होतं?"

मुलीने वडिलांकडे पाहिले, मग खाली. "थांबते."

"काय थांबते?"

"शू."

"आणि टाच काढली की?"

"मग येते."

ज्या बैठकीचे वडिलांनी चार वर्षे गावभर कौतुक सांगितले, ती बैठक म्हणजे एका लहान मुलीने लघवी अडवायला शोधलेली युक्ती होती, हे त्यांना उभ्या उभ्या समजत होते.

बाईंनी कागदावर चित्र काढले. "ही लघवीची पिशवी. हे खाली दार. दारावर एक पहारेकरी. तुझा पहारेकरी रोज तास न् तास दार रेटून उभा असतो. मग तू जेव्हा म्हणतेस, आता उघड, तेव्हा त्याला उघडता येत नाही. जरा उघडतो, लगेच मिटतो. म्हणून आपली रेघ कंगव्याची. थोडी लघवी आतच राहते. पिशवी चिडते, अवेळी धक्के मारते. आणि रात्री टाच नसते."

मुंगीने चित्रातल्या पहारेकऱ्यावर बोट ठेवले. "म्हणजे राजाला जपायला किल्लेकोट केला, आणि राजा आपल्याच प्याद्यांच्या मागे कोंडला."

"मला तुमच्यातलं कळत नाही. पण ऐकायला तसंच वाटतंय."

त्या दिवशी वहीत सातवा रकाना आला: 'पाय कुठे?' उपचारही नव्याने ठरले. खेळताना दोन्ही तळवे टेकलेले हवेत, टेबलाखाली पाट. लघवीची भावना झाली की उठायचे, डाव कुठेही असो. घड्याळ थांबवायचे नाही. आठवड्यातून दोनदा नऊ क्रमांकात यायचे. तिथे बाई चिकटपट्ट्यांनी दोन तारा लावत आणि पडद्यावर एक रेघ दिसे. पहारेकरी आवळला की रेघ वर, सैल झाला की खाली. आवळणे मुंगीला येतच होते. शिकायचे होते ते सोडणे.

"अजून खाली. पोट फुगव. खांदे पाड. अगं, खांद्यांनी कुठे शू करतात?"

मुलगी खुदकन हसली, आणि हसताना रेघ तळाला गेली. "दिसलं?" बाई म्हणाल्या. "हे जे आत्ता झालं, ते लक्षात ठेव."

पहिला आठवडा मात्र वाईट गेला. टाच सुटली आणि दिवसाचे कपडे पूर्वीपेक्षा जास्त ओले होऊ लागले. एकदा तर शाळेत, फळ्यापाशी. वडील एकटेच आले, दारात उभे राहूनच बोलले.

"सिस्टर, तुमचा मान राखून सांगतो. यापेक्षा टाच बरी होती."

"बसा."

"बसायला आलो नाही. पाच आठवडे राहिलेत. ती खोलीतून बाहेर येत नाही. मी तिला सांगणार आहे की यंदा सोड."

"तिने सोडलंय?"

"तिने... नाही. ती वही भरत बसते."

"मग तुम्ही कोण सोडणारे?" बाईंचा आवाज चढला नाही, पण त्या उठून उभ्या राहिल्या. "कुबडी काढली की माणूस आधी अडखळतो. अडखळू द्या. तुमचं काम एकच. ती डावात उठली की तुम्ही तोंडातून अक्षर काढायचं नाही आणि चेहराही करायचा नाही. चेहरा करता तुम्ही. व्हरांड्यात पाहिलाय मी."

वडील बसले. मग म्हणाले, "फार कठीण आहे हो."

"तिच्या कामापेक्षा सोपं आहे."

तिसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, यंत्रातून कागद सरकू लागला. बाई नेहमीप्रमाणे पाठ करून उभ्या होत्या. रेघ चढली. दात आला नाही. रेघ आणखी चढली, वर गोल झाली आणि तितक्याच सावकाश, सलग उतरून थांबली. त्यांनी कागद फाडला आणि तो हातात धरून त्या चक्क व्हरांड्यात गेल्या. ही शिस्तभंगाची गोष्ट त्यांच्या कारकिर्दीत प्रथमच घडत होती.

"डॉक्टर! डोंगर!"

आतून मुंगीचा आवाज आला, "मापमावशी, दार! दार लावा ना आधी!"

त्यानंतर आकडे पळू लागले. पिशवी पूर्ण रिकामी होऊ लागली तसे दिवसाचे ओले थांबले. मग रात्रीच्या घंटीचा उपयोग सुरू झाला. पहिल्यांदा मुलगी घंटीने जागी झाली, मग घंटीच्या आधी. आठवड्यात पाच ओल्या, मग तीन, मग एक. शेवटच्या दहा रात्रींत एकच. डॉक्टरांनी वही चाळली, नळीच्या तपासणीचा कागद काढला आणि त्यावर आडवी रेघ ओढली.

"जाऊ दे तिला," ते म्हणाले. "पण बाई, एखादी रात्र चुकली तर?"

"तर ती कपडे बदलेल," मुंगीच्या आधी बाईच म्हणाल्या, आणि मुंगीने मान हलवली. जादा कपड्यांची पिशवी तिने स्वतः भरली. संघाबरोबर जाणाऱ्या शिक्षिकेला काय सांगायचे तेही तिने स्वतःच ठरवले आणि स्वतःच सांगितले.

स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी मापबाईंनी रजा टाकली. कारणाच्या जागी त्यांनी 'कामासाठी' असे लिहिले, जे कार्यालयाला समजले नाही. दीड तास बसने प्रवास करून त्या सभागृहात पोहोचल्या, तेव्हा पालक दोरीमागे उभे होते. वडिलांनी त्यांना जागा करून दिली.

"तीन रात्री झाल्या," ते पुटपुटले. "पहिल्या रात्री झालं थोडं. तिनं बदललं आणि झोपली. सकाळी खेळून जिंकली. मला दुपारी सांगितलं, तेही सहज. तिच्या जागी मी असतो तर रात्रभर रडलो असतो."

"आणि आज?"

"दोन्ही संघ बरोबरीत. बाकीचे डाव संपले. आता हिच्यावर आहे."

बाईंना पटातले काही कळत नव्हते. त्या टेबलाखाली बघत होत्या. जमिनीवर एक पाट होता आणि त्यावर दोन लहान बूट, शेजारी शेजारी, सपाट.

समोरची मुलगी मुंगीपेक्षा दोन वर्षांनी मोठी होती. मुंगीच्या घड्याळात अकरा मिनिटे उरली होती. तिने हत्ती सरकवला, घड्याळ दाबले, आणि हात वर केला. पंचाने मान डोलावली. ती उठली.

दोरीमागे कुजबुज झाली. वडिलांनी समोरची खुर्ची घट्ट धरली. मुंगी पळाली नाही. ती रांगांमधून चालत गेली आणि दाराबाहेर दिसेनाशी झाली. समोरच्या मुलीने क्षणभर विचार केला, वजीर पुढे टाकला आणि घड्याळ दाबले. आता मुंगीचा वेळ जात होता.

"घड्याळ चाललंय," वडील म्हणाले.

"चालू द्या."

"एक मिनिट झालं."

"एका मिनिटात नीट होत नाही. चेहरा सरळ करा."

वडिलांनी चेहरा सरळ केला. तो प्रयत्न पाहण्यासारखा होता. दोन मिनिटे झाली. बाई स्वतःच्या मनगटावर बघत होत्या: पाट शोधायला इतके, बसायला इतके, सैल व्हायला इतके, थांबून पिशवी पुन्हा एकदा रिकामी करायला इतके, हात धुवायला इतके. तीन मिनिटे दहा सेकंदांनी दार उघडले. मुंगी तशीच चालत आली. बसली. तळवे पाटावर टेकले. तिने पट पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग तिचे खांदे खाली आले. बाईंना ते खांदे ओळखीचे होते.

तिने घोडा उचलला. वडिलांच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"वाईट झालं?" बाईंनी विचारले.

"वाईट? अहो, वजीर अडकला! त्या मोठ्या मुलीचा वजीर अडकला! मला नसतं दिसलं हे. बसून बसून डोळे दुखले असते, पण नसतं दिसलं."

सात खेळ्यांनंतर मोठ्या मुलीने हार मानून हात पुढे केला. संघातल्या मुली दोरीखालून घुसल्या. ज्यांनी वर्षापूर्वी अबोला धरला होता त्यांनीच मुंगीला उचलले, आणि ती वरून ओरडू लागली, "खाली सोडा, पाडाल मला!" मापबाईंनी टाळ्या वाजवल्या. जरा जास्तच वेळ वाजवल्या; शेजारचे लोक थांबले तरी त्या थांबल्या नव्हत्या.

बक्षीस समारंभ संपला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. वडील ढाल निरखत होते.

"मुंगे, पिशवी घे. स्पर्धा तर संपली. आता मुक्कामाचा नियमही नाही. आपल्याबरोबर घरी चल."

"आज रात्री सगळ्या जागून गप्पा मारणार आहेत."

"अगं, पण तीन झाल्या ना चांगल्या? म्हणजे... जवळजवळ. कशाला आणखी एक रात्र? उगाच..." ते अडखळले आणि आधारासाठी मापबाईंकडे पाहू लागले. बाई सभागृहाचे छत पाहत होत्या.

"उगाच काय?" मुंगी म्हणाली. "झालं तर बदलीन. नाही झालं तर नाही. मला राहायचंय." तिने पदक गळ्यात नीट केले. "आणि बाबा, तुमची बस सुटेल हं."

कोणीतरी वसतिगृहाच्या पायऱ्यांवरून तिला हाक मारली. ती वळली आणि मुलींच्या घोळक्यात अशी शिरली की इतकी लहान मुलगी त्यात नेमकी कुठे आहे, हे क्षणभराने दोघांनाही सांगता आले नसते.